नव्या मोटारीचे पहिले हजार किलोमीटर

‘नवी गाडी चाळीसच्या वर नेऊ नये’ हा सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. तो आजच्या इंजिनाला लागू पडतो का? नवे इंजिन रुळवावे लागते का, आणि लागत असल्यास ते कसे रुळवावे?

निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे परिचित असलेल्या माकणीसारख्या गावात नवी मोटार येणे हा आजही घराघरांतला सोहळा असतो. ओवाळणी होते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि त्याच संध्याकाळी अनुभवी मंडळींचे सल्ले सुरू होतात. ‘पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही’ असे एक जण सांगतो. ‘पहिल्या दिवसापासून ताणूनच चालवावी, म्हणजे गाडी मोकळी होते’ असे दुसरा ठामपणे म्हणतो. ‘आताच्या गाड्यांना रनिंग-इन वगैरे काही लागत नाही’ असे तिसऱ्याचे मत पडते. सोयाबीनच्या किंवा उसाच्या पैशातून पहिला हप्ता भरलेला असतो, पुढील पाच-सात वर्षांचे कर्ज डोक्यावर असते. अशा वेळी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न साधा राहत नाही. या तिन्ही मतांत थोडे थोडे तथ्य आहे. मात्र यांपैकी एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही.

रुळवणे म्हणजे नेमके काय?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन (पाठ्यपुस्तकातील दट्ट्या) वर-खाली होत असतो. पिस्टनच्या भोवती साधारणतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणारा दाब खाली निसटू देत नाहीत. तिसरी रिंग सिलिंडरच्या भिंतीवरील जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. या रिंगा भिंतीला जितक्या अचूक चिकटून बसतील, तितकी इंजिनाची ताकद अधिक, इंधनाचा खर्च कमी आणि ऑइलचा ऱ्हासही कमी.

सिलिंडरची भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली, तरी ती मुद्दाम किंचित खरखरीत ठेवलेली असते. तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी कोरलेली असते. या क्रियेला होनिंग म्हणतात. रेघांच्या खाचांत ऑइल टिकून राहते आणि रिंगांना वंगण मिळते. इंजिन नवे असताना या रेघांची टोके आणि रिंगांच्या कडा यांचे एकमेकींशी पूर्ण जुळलेले नसते. सुरुवातीच्या काही तासांत ही सूक्ष्म टोके घासली जाऊन सपाट होतात आणि रिंग भिंतीवर नीट बसते. इंजिन रुळवणे म्हणजे मुख्यतः हीच क्रिया होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ तिच्या स्वतःच्या ताणामुळे नव्हे. ज्वलनाच्या वेळी वायूचा दाब रिंगेच्या मागील फटीत शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूस रेटतो. इंजिनावर बरा भार असला, तर हा दाब पुरेसा असतो. इंजिन नुसते रिकामे चालू ठेवले, तर दाब फारच कमी राहतो. रिंग अर्धवट बसते, तिच्या कडेने ऑइल वर जाते आणि ते भिंतीवर जळून वार्निशासारखा चकचकीत थर तयार होतो. कारागीर याला ‘ग्लेझिंग’ म्हणतात. एकदा हा थर जमला की रेघांच्या खाचा बुजतात, रिंग पुढे बसत नाही आणि इंजिन ऑइल खाऊ लागते.

याउलट, थंड आणि नव्या इंजिनावर एकदम पूर्ण जोर दिला, तर ज्या ठिकाणी टोके अधिक उंच आहेत तेथे उष्णता एकवटते. ऑइलचा पापुद्रा तुटतो आणि धातूवर धातू घासून ओरखडे पडतात. शिवाय इंजिनाचा वेग दुप्पट केला, की पिस्टन मागे-पुढे खेचणारे बल चौपट होते. म्हणून भार आणि फेऱ्यांची गती या दोन गोष्टी वेगळ्या समजून घेणे आवश्यक आहे. नव्या इंजिनाला मध्यम भार हवा असतो. अतिवेगवान फेरे मात्र त्याला नको असतात.

चाळीसचा नियम आला कोठून?

हा नियम कोणाच्या कल्पनेतून निघालेला नाही. एके काळी तो योग्यच होता. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाट आणि पुढे पद्मिनी या मोटारींनी महाराष्ट्रातील एका पिढीला मोटार चालवायला शिकवले. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे होते. त्या काळी सिलिंडर घासण्याच्या यंत्रांची अचूकता आजच्याइतकी नव्हती. होनिंगनंतर उरलेली टोके काढून टाकण्याचे काम कारखान्याऐवजी गाडीच्या मालकावर येत असे. ऑइल साधे खनिज तेल असे. कार्बोरेटरला चोक असे. थंडीत चोक ओढला की जादा पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरून भिंतीवरचे ऑइल धुऊन काढी. अशा इंजिनाला पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंत जपणे भाग होते. इंग्लंडमध्ये तर नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन चालू आहे, कृपया पुढे जा’ अशा अर्थाची पाटी लावण्याची पद्धतच होती.

१९७२ साली आलेल्या बजाज चेतक स्कूटरमुळे हा नियम मोटार नसलेल्या घरांतही पोहोचला. तिचे इंजिन टू-स्ट्रोक होते आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. अशी गाडी नवी असताना ऑइलचे प्रमाण थोडे अधिक ठेवण्याचा आणि वेग आवरता घेण्याचा प्रघात होता. शेतकऱ्यांना हाच धडा विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने दिला. पुण्यात १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कंपन्यांची इंजिने ग्रामीण महाराष्ट्रात वीज पोहोचण्यापूर्वीपासून पाणी उपसत होती. आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसाच्या मनात ‘नवे इंजिन हळू चालवायचे’ हे सूत्र पक्के बसले आहे, त्यामागे ही परंपरा आहे.

आज काय बदलले?

आजच्या कारखान्यांत सिलिंडरचे होनिंग दोन किंवा अधिक टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात खोल खाचा पाडल्या जातात आणि नंतरच्या टप्प्यात त्यांची वरची टोके अलगद काढून टाकली जातात. म्हणजे पूर्वी जे काम पहिल्या हजार किलोमीटरमध्ये रस्त्यावर होत असे, त्याचा मोठा भाग आता यंत्रावरच उरकला जातो. पिस्टन आणि सिलिंडर यांची मापे संगणकाच्या साहाय्याने जुळवली जातात. इंधनाचे प्रमाण इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली असल्यामुळे चोकच्या काळातील जादा पेट्रोल भिंतीवर येत नाही. सिंथेटिक ऑइल थंड असतानाही झटकन सर्वत्र पोहोचते. फेरे ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ लागले, तर नियंत्रण-यंत्रणा स्वतःच इंधन तोडते.

म्हणून आजच्या गाडीचे रुळणे सोपे आणि अल्पकाळाचे झाले आहे. तरीही त्याची गरज संपलेली नाही. याचा पुरावा कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतच सापडतो. सुझुकीच्या पुस्तिकांत पहिल्या ९६० किलोमीटरसाठी, म्हणजे ६०० मैलांसाठी, स्वतंत्र सूचना दिलेल्या असतात. टोयोटाच्या पुस्तिकांत पहिल्या १००० किलोमीटरमध्ये अतिवेग, एकदम जोर आणि दीर्घकाळ एकच वेग टाळण्यास सांगितलेले आढळते. ह्युंदाईच्या अनेक पुस्तिका याच टप्प्यात इंजिनाचे फेरे मिनिटाला २००० ते ४००० च्या दरम्यान ठेवण्यास सांगतात. युरोपात धुराची चाचणी करण्यासाठीच्या ८३ क्रमांकाच्या नियमावलीतही मोटार आधी किमान ३००० किलोमीटर चाललेली असावी, अशी अट घातलेली आहे. इंजिन पूर्णतः स्थिर होण्यास काही काळ लागतो, हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केले आहे, असाच याचा अर्थ.

या पुस्तिका एकत्र वाचल्या की आणखी एक बाब लक्षात येते. ‘चाळीसच्या वर नेऊ नका’ असे त्या सांगत नाहीत. उलट, वरच्या गिअरमध्ये रेंगाळत चालवू नका आणि एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, या दोन सूचना पुन्हा पुन्हा येतात. चाळीसच्या वेगाने टॉप गिअरमध्ये चालणारी गाडी या दोन्ही सूचनांचा भंग करत असते.

‘पहिल्यापासून ताणा’ हे मत

रिंग बसण्यासाठी दाब लागतो, हे वर आलेच आहे. त्याच आधारावर काही जाणकार नवे इंजिन पहिल्या दिवसापासून पूर्ण जोराने चालवण्याचा सल्ला देतात. यात काही तथ्य आहे. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांना सुरुवातीलाच बऱ्याच अधिक शक्तीवर, साधारणतः पूर्ण शक्तीच्या ६५ ते ७५ टक्क्यांवर चालवले जाते आणि त्यासाठी साधे खनिज ऑइल वापरले जाते. तेथे हळू चालवणे हाच दोष मानला जातो, कारण त्याने ग्लेझिंग होते.

मात्र विमानाचे ते इंजिन हवेने थंड होणारे असते. त्याच्या भागांतील फटी मोटारीपेक्षा मोठ्या असतात आणि तेथेही पूर्ण शंभर टक्के जोर सतत दिला जात नाही. मोटारीच्या बाबतीत इंजिनाबरोबरच गिअर, ब्रेक आणि टायर हेही नवे असतात आणि त्यांनाही जुळून येण्यास अवधी लागतो. त्यामुळे या मतातील ग्राह्य भाग एवढाच, की नव्या इंजिनाला भाराची भीती दाखवू नये. गरम झालेल्या इंजिनाला अधूनमधून मध्यम ते बऱ्यापैकी जोर द्यावा आणि लगेच सैल सोडावे.

माकणीहून पहिले हजार किलोमीटर

आपल्याकडे नवी गाडी बहुधा लातूर, सोलापूर किंवा धाराशिवहून येते. मुलगा पुण्यात नोकरीला असेल, तर पुण्याहूनही येते. गाडी घरी येण्यापूर्वी तुळजापूरला आईच्या दर्शनाला जाण्याची अनेक घरांत प्रथा आहे. पुढच्या पंधरवड्यात पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा यात्राही होतात. त्यामुळे पहिले हजार किलोमीटर बहुतांशी देवदर्शनातच पार पडतात. त्याच प्रवासांचा विचार येथे करू.

सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. सपाट महामार्गानंतर गाडी बालाघाटाच्या डोंगरात चढते. नव्या गाडीला घाट चालतो का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. घाट चालतो. किंबहुना मध्यम चढ हा इंजिन रुळवण्यास उपयुक्तच असतो. दक्षता एवढीच घ्यावी, की गाडी टॉप गिअरमध्ये धापा टाकत चढवू नये. आरपीएमचा काटा १५०० च्या खाली येऊन गाडी थरथरू लागली, तर लगेच खालचा गिअर घ्यावा. पेट्रोल गाडी २५०० ते ३५०० फेऱ्यांत आणि डिझेल गाडी २००० ते २५०० फेऱ्यांत सहज चढू द्यावी. उतरताना न्यूट्रल करू नये, गिअरमध्येच उतरावे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण होते आणि भिंतीला ऑइल मिळण्यास मदत होते. जोर देणे आणि सोडणे या आलटून-पालटून होणाऱ्या क्रियेचा लाभ येथेच होतो.

पुण्याहून गाडी आणताना परिस्थिती वेगळी असते. सोलापूर महामार्गावर शे-दोनशे किलोमीटर गाडी एकाच वेगाने धावते. नव्या गाडीने इतका लांब प्रवास केला म्हणून बिघडत काही नाही. टाळायचा आहे तो एकसुरी वेग. थोडा वेळ साठ, मग पंच्याहत्तर, मग ऐंशी-नव्वद, पुन्हा सत्तर असा बदल करत यावे. क्रूझ कंट्रोल असल्यास हजार किलोमीटर होईपर्यंत त्याचा वापर करू नये. दीड-दोन तासांनी चहासाठी थांबावे. माणसालाही ते हितकर असते.

गाडी गावात आल्यावर खरी अडचण सुरू होते. माकणीहून लोहाऱ्याला, सास्तूरला किंवा शेतावर जाणाऱ्या फेऱ्या लहान असतात. गाडी काही मिनिटांत बंद होते. पाण्याच्या तापमानाचा काटा वर आला, तरी ऑइल पूर्ण गरम होण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. ऑइल थंडच राहिले, तर ज्वलनातून आलेली वाफ आणि थोडे इंधन त्यात साचत जाते. म्हणून पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी उमरगा किंवा तुळजापूरच्या रस्त्याला किमान अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. गावातल्या फेऱ्यांनी हजार किलोमीटर पूर्ण करण्यापेक्षा असे चार-सहा प्रवास इंजिनाला अधिक मानवतात.

गाडी दारात उभी करून एसी लावून बसणे, पूजा होईपर्यंत इंजिन चालू ठेवणे, लग्नाच्या वरातीत तासभर पहिल्या गिअरवर सरकत राहणे, या गोष्टी पहिल्या महिन्यात टाळाव्यात. सकाळी इंजिन सुरू करून दहा मिनिटे तसेच गरम करत ठेवण्याचीही गरज नाही. अर्धा-एक मिनिट थांबून सावकाश निघावे आणि पहिले तीन-चार किलोमीटर हलक्या पायाने चालवावे.

माणसे किती बसवावीत? पाच आसनांच्या गाडीत पाच माणसे बसली, तर नव्या इंजिनाला काहीच त्रास नाही. आठ माणसे, वर कॅरिअरवर धान्याची पोती आणि मागे ट्रॉली असा भार मात्र नव्या गाडीवर टाकू नये. बऱ्याच पुस्तिकांत पहिल्या आठशे ते दोन हजार किलोमीटरपर्यंत मागे काहीही ओढू नये, असे स्पष्ट लिहिलेले असते.

इंधनानुसार फरक

डिझेल इंजिनाचे रुळणे पेट्रोलपेक्षा सावकाश होते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतरच्या बहुतेक डिझेल मोटारींना धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून बऱ्यापैकी वेगाने सलग चालवावी लागते. केवळ गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या डिझेल गाडीची ही गाळणी तुंबते आणि समोर दिवा लागतो. जुना सल्ला तंतोतंत पाळल्याने नव्या गाडीचे नुकसान कसे होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. दिवा लागल्यास पुस्तिकेत दिल्याप्रमाणे गाडी चालवावी, दुर्लक्ष करू नये.

टर्बो असलेल्या इंजिनात कमी फेऱ्यांवर पूर्ण जोर देणे विशेष टाळावे. घाट चढून आल्यावर किंवा महामार्गावर वेगाने आल्यावर लगेच चावी फिरवू नये. अर्धा-एक मिनिट इंजिन सावकाश चालू देऊन मग बंद करावे. कारखान्यातून सीएनजी बसवून आलेल्या गाडीला पेट्रोल गाडीचेच नियम लागू होतात. हायब्रिड गाडीत इंजिन आपोआप सुरू-बंद होते, तेव्हा ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. विजेवरील मोटारीला पिस्टन आणि रिंगा नसल्यामुळे इंजिन रुळवण्याचा प्रश्नच येत नाही. ब्रेक आणि टायर यांची काळजी मात्र तिलाही घ्यावी लागते.

ऑइल, धूळ, ब्रेक आणि टायर

पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलावे का, यावर गॅरेजमध्ये हमखास वाद रंगतात. पूर्वी नव्या इंजिनातून धातूचे बारीक कण बरेच निघत, म्हणून ऑइल लवकर बदलणे आवश्यक असे. आज अनेक कंपन्या पहिले ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्षानंतर बदलण्यास सांगतात. पहिली मोफत सर्व्हिस ही मुख्यतः तपासणी असते. होंडाच्या काही पुस्तिकांत तर ठरलेल्या वेळेपूर्वी ऑइल बदलू नये, असेच म्हटले आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच पाळावे. वेगळ्या दर्जाचे जाड ऑइल किंवा बाटलीत मिळणारी ‘ताकद वाढवणारी’ द्रव्ये नव्या इंजिनात घालू नयेत.

पाळायचा खरा नियम वेगळाच आहे आणि नेमका तोच विसरला जातो. पहिल्या तीन हजार किलोमीटरपर्यंत आठवड्यातून एकदा डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहावी. गाडी सपाट जागी उभी असावी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली असावीत. सुरुवातीला ऑइल थोडे कमी होणे स्वाभाविक आहे. पुढेही ते त्याच गतीने कमी होत राहिले, तर मात्र तारीख, किलोमीटर आणि पातळी वहीत लिहून ठेवावी.

आपल्या भागात इंजिनाचा मोठा शत्रू धूळ आहे. उन्हाळ्यात शेतरस्त्यावर पुढच्या वाहनाच्या धुळीत गाडी चालवली, तर एअर फिल्टर लवकर भरतो. तो फाटला किंवा नीट बसला नाही, तर मातीतील कठीण कण सिलिंडरमध्ये शिरून रिंगा आणि भिंत सँडपेपरसारखी घासतात. काळजीपूर्वक रुळवलेले इंजिनही त्यापुढे टिकत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावे आणि पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच फिल्टर तपासून घ्यावा.

ब्रेकचे पॅड आणि टायर हेही नवे असतात. पहिल्या तीनशे किलोमीटरमध्ये गरज नसताना करकचून ब्रेक लावू नये. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असू शकतो. तो निघेपर्यंत पकड किंचित कमी असते, विशेषतः पावसात. अर्थात समोर गुरे किंवा माणूस आला, तर इंजिनाचा आणि ब्रेकचा विचार बाजूला ठेवून पूर्ण जोराने ब्रेक लावावा, हे सांगावयास नकोच.

दुरुस्त केलेले इंजिन

नव्या मोटारीचे रुळणे सोपे झाले असले, तरी दुरुस्त केलेल्या इंजिनाच्या बाबतीत जुनी काळजी आजही जशीच्या तशी लागू आहे. जीप, ट्रॅक्टर किंवा पंपाचे ‘हाफ इंजिन’ वा ‘फुल इंजिन’ काम झाल्यावर बोअर स्थानिक यंत्रावर घासलेला असतो, रिंगा नव्या असतात आणि कारखान्यातील अचूकता येथे नसते. अशा वेळी ‘रात्रभर रिकामे चालू ठेवा, म्हणजे इंजिन मोकळे होईल’ असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो घातक आहे. रिकामे चालणारे इंजिन रिंगा बसू देत नाही आणि ग्लेझिंगला आमंत्रण देते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर ऑइलचा दाब आणि पाण्याचे तापमान पाहावे, गळती आहे का ते तपासावे आणि अर्ध्या तासाच्या आत इंजिनाला हलके काम द्यावे. ट्रॅक्टर असेल, तर पहिले काही तास रिकामी ट्रॉली किंवा हलकी वखरणी, त्यानंतर मध्यम काम आणि खोल नांगरट सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. ऑइल आणि फिल्टर लवकर बदलावेत. मोटारीच्या बाबतीत पाचशे ते हजार किलोमीटर आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत सुमारे ५० तास ही सर्वसाधारण मर्यादा मानता येते.

थोडक्यात

• पहिले ३०० किलोमीटर: हलका पाय, पेट्रोलला साधारण ३००० ते ३५०० आणि डिझेलला २५०० फेऱ्यांची मर्यादा, करकचून ब्रेक टाळणे.

• ३०० ते १००० किलोमीटर: पेट्रोलला ४००० आणि डिझेलला ३००० पर्यंत फेरे, वेगात सतत बदल, गरम इंजिनाला अधूनमधून मध्यम जोर, ट्रॉली ओढणे बंद.

• १००० ते १५०० किलोमीटर: मर्यादा हळूहळू वाढवत पूर्ण वापराकडे जाणे.

• सर्वकाळ: थंड इंजिनाला जोर न देणे, टॉप गिअरमध्ये रेंगाळत न चालवणे, तासन् तास रिकामे चालू न ठेवणे, ऑइल व एअर फिल्टरवर लक्ष ठेवणे.

हे आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल, तर पुस्तिकाच प्रमाण मानावी. पुस्तिका इंग्रजीत असली, तर घरातील शिकणाऱ्या मुलाकडून त्यातील रनिंग-इनचे पान वाचून घ्यावे. ते एका पानाहून क्वचितच मोठे असते.

तीन हजार किलोमीटरनंतरही मागून निळसर धूर दिसत असेल, ऑइलची पातळी सतत खाली जात असेल किंवा चढावर गाडी ढेपाळत असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता गाडी दाखवावी. तक्रार तोंडी न सांगता जॉबकार्डवर लिहून घ्यावी आणि त्याची प्रत जपून ठेवावी. वॉरंटीच्या काळात या नोंदी आणि डिपस्टिकची वही हाच आपला पुरावा असतो. ज्या घराने हप्ते भरायचे आहेत, त्या घराने एवढी वही ठेवायलाच हवी.